जहाजं निघण्याआधीची मिरची

मी पदवीधर झालो तो लंडनच्या एजवेअरला, लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर, एका मंगळवारी सकाळी. दोन मिनिटंही लागली नाहीत.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. कौन्सिलनं पेन्शनवाल्यांसाठी इतिहासाचा वर्ग काढला होता. नाव नोंदवायला गेलो तर टेबलावर फॉर्म ठेवलेले. शेजारी एक गृहस्थ बसले होते, माझ्याच वयाचे, कोट-टाय घातलेले, जवळच्या पिनरहून आलेले. त्यांनी टेबलापलीकडच्या मुलीला आडनाव सांगितलं तेव्हा कळलं की मराठी आहेत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही, फॉर्मकडे बघत होतो. त्यांनी जिथे टिक केली तिथे मी टिक केली. नाव आणि पत्ता तेवढा माझा. पुढे समजलं की ते बँकेतून मॅनेजर होऊन रिटायर झालेले बी.कॉम. आहेत. म्हणजे मीही तेच झालो.

आता हे हसत लिहितोय, पण त्या दिवशी हसू येत नव्हतं. इंग्रजी मला बोलता येतं. बर्मिंगहॅमला पस्तीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात काढली, भट्टीसमोर उभं राहून ओरडून बोलायला शिकलो. मला कुणी बोलण्यात गुंडाळू शकत नाही. वाचायचं म्हटलं की दुकानाची पाटी, बसचा नंबर, पाकिटावरचं नाव, एवढंच. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत. घरातले कागद बायको वाचायची, ती मॅट्रिक होती. मुलीला वाटायचं, बाबांना कागदांचा कंटाळा आहे. आम्ही दोघांनी तिला तसंच वाटू दिलं. बायको गेल्यावर मी बर्मिंगहॅमचं घर सोडून मुलीकडे एजवेअरला आलो, आणि कुणी कागद पुढे केला की डोळ्यांची तक्रार सांगू लागलो.

वर्गाचं पत्रक मुलीनंच वाचून दाखवलं होतं. पहिला भाग ख्रिसमसपर्यंत: युरोपातले लोक जहाजं घेऊन समुद्रावर निघाले, त्याच्या आधी ते कसे राहत होते, त्यांच्यात काय काय बदलत गेलं. दुसरा भाग जानेवारीपासून: जहाजं निघाली, आणि आपल्या किनाऱ्याला लागली. मला हवा होता दुसरा भाग. पण पहिला केल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नव्हतं.

का हवा होता ते सांगतो. मी रेवदंड्याचा. आमची नारळी-पोफळीची वाडी पोर्तुगीजांच्या कोटाच्या आत. कोटाच्या भिंतीला लागून आमचा रहाट. भिंतीतून निखळलेल्या एका दगडावर अक्षरं कोरलेली होती, गावात कुणाला ती लागत नव्हती, म्हणून आई त्या दगडावर धुणं आपटायची. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, हे लोक एवढ्या लांबून आपल्या गावात कशाला आले? वडील म्हणाले, "त्यांना विचार. मला बोलावून थोडेच आले."

आणि पुढे कारखान्यात माझ्या शेजारी काम करणारा गोरा, माणूस वाईट नव्हता, चहाच्या सुट्टीत दर दोन-तीन महिन्यांनी मला विचारायचा, तुम्ही लोक इतक्या लांब कशाला आलात? मला त्याला उलटं विचारायचं असायचं. पण तो "तूच सांग" म्हणाला असता तर माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. तोंड उघडून हरायचं मला जमत नाही, म्हणून पस्तीस वर्षं मी चहा पीत राहिलो. हे एकदा नीट समजून घ्यायचं होतं. माझ्या वयाला आणखी किती जानेवारी येणार होते?

वर्गात चौदा-पंधरा माणसं. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, किडकिडीत, हळू बोलणाऱ्या, पण बोलता बोलता माणसं डोळ्यांसमोर उभी करायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी प्लेगचं सांगितलं. गावंच्या गावं ओस पडली. जे उरले त्यांच्या हातांना एकाएकी मोल आलं. मजूर म्हणू लागले, जुन्या मजुरीवर नांगर धरणार नाही. जमीनदारांनी कायदा काढला की मजुरी पूर्वीइतकीच राहील. मजूर कायदा ऐकायचे आणि सकाळी उठून दुसऱ्या गावाला चालू लागायचे. मी मान हलवत बसलो होतो. हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती, आमच्या कारखान्यात दोनदा झालं होतं.

दुसऱ्या मंगळवारी मुलग्यांची गोष्ट. बाप मेला की जमीन, घर, सगळं थोरल्याला. धाकट्यांनी काय करायचं? मठात जा, लढाईवर जा, नाहीतर जहाजावर. मी तिसरा मुलगा. वाडीत थोरल्याचा संसार मावत नव्हता, तिथे माझी कोण वाट बघतंय. तेराव्या वर्षी मुंबईला गेलो होतो. बाई बोलत होत्या आणि मला वाटत होतं, या माणसांना मी ओळखतो.

मी काही लिहून घेत नसे. बाकीचे वह्या भरायचे. मी डोळे मिटून ऐकायचो आणि बसमध्ये परत जाताना सगळं पहिल्यापासून मनात म्हणायचो. भट्टीवर वितळलेल्या लोखंडाचं माप कागदावर लिहून कुणी उभं राहत नाही, ते डोक्यातच ठेवावं लागतं. बाईंनी एकदा मला मागच्या आठवड्याचं विचारलं तर मी त्यांचीच वाक्यं त्यांना ऐकवली. त्या खूश झाल्या. तिथूनच गडबड सुरू झाली.

तिसऱ्या आठवड्यात छापखान्याचा धडा. बाई म्हणाल्या, पूर्वी पुस्तकं हातानं लिहीत, ती मठात आणि वाड्यांत असायची, त्यामुळे शेतकऱ्याला किंवा सुताराला वाचता येत नाही यात कुणाला काही वाटत नसे. छापील पुस्तकं झाली, शहरातल्या दुकानात मिळू लागली, आणि न वाचता येणारा माणूस हळूहळू कमी ठरू लागला. मी खुर्चीत ताठ झालो. तेवढ्यात बाईंनी एक कागद माझ्यापुढे धरला. त्या काळच्या कुण्या छापखानेवाल्याचा उतारा होता.

"तुम्ही वाचा ना मोठ्यानं," त्या म्हणाल्या. "वर्गात दोनच तर ग्रॅज्युएट आहेत आपल्याकडे, तुम्ही आणि हे." हे म्हणजे पिनरचे साहेब.

मी खिसे चाचपले. डावा, उजवा, कोटाच्या आतला. "चष्मा घरी राहिला."

साहेबांनी वाचलं. ठणठणीत वाचलं. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ते कागदावरून माझ्याकडे. माझा चष्मा माझ्या कपाळावर होता.

चहाच्या सुट्टीत ते कप घेऊन शेजारी आले.

"तुमचं ग्रॅज्युएशन कुठलं, म्हणायचं?"

"तुमचंच."

"म्हणजे? पुण्याचं?"

"तुमच्या फॉर्मवर जे असेल ते."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते एवढे हसले की चहा बशीत सांडला. "अहो, तुम्ही माझी कॉपी केलीत? चाळीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या तपासल्या मी, आणि माझ्याच शेजारी..."

"सांगणार असाल तर सांगून टाका," मी म्हणालो. "लटकवत ठेवू नका."

"मी कशाला सांगू? पण ख्रिसमसच्या आधी प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचंय, आणि त्याच विषयावर दोन पानं लिहून द्यायचीत. नाहीतर पुढच्या टर्मला नाव नाही. ऐकलंत ना? बोलाल तुम्ही झकास. लिहिणार कोण?"

"मी."

"अहो, त्यापेक्षा मी लिहून देतो. कुणाला कळणार नाही."

मी कप ठेवून उठलो. दुसऱ्यानं केलेलं काम आपलं म्हणून दाखवायचं हे मी कारखान्यात कधी केलं नव्हतं, आणि तेही या माणसाकडून. त्यांनी सांगितलं नाही, हे मात्र खरं. पण दर मंगळवारी वर्गात शिरताना मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचो, मग बाईंच्या.

विषयांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या होत्या. माझ्या चिठ्ठीवर एकच शब्द होता आणि तो मला वाचता आला. पेप्पर. माझा जीव भांड्यात पडला. एजवेअरच्या भाजीवाल्याकडे तो शब्द रोज दिसायचा. मुलगी ढोबळी मिरचीला पेपर्स म्हणते. भारतीय दुकानात लाल तिखटाच्या पाकिटावरही तोच, पुढे चिली लावून. मिरची, दुसरं काय. म्हणजे हे लोक जहाजं घेऊन निघाले ते आपल्या मिरचीसाठी. या विषयात मला कोण शिकवणार?

मसाल्यांचा धडा ज्या मंगळवारी झाला त्याच दिवशी नेमकी माझी डोळ्यांच्या दवाखान्यातली तारीख होती. मोतीबिंदूची ती तारीख चार महिन्यांनी मिळालेली, चुकवता आली नाही. त्या एकाच दिवशी मी वर्गात नव्हतो. पुढच्या आठवड्यात बाईंनी त्या धड्याचे दोन छापील कागद दिले. घरी स्वयंपाकघरात बसून मी त्यांच्यावर बोट फिरवत राहिलो. पेप्पर सापडला, सात ठिकाणी. मीट सापडलं. सॉल्ट सापडलं. रिच सापडलं. बाकी सगळं बारीक, मुंग्यांसारखं.

मुलगी कामावरून आली. ती औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, जन्म बर्मिंगहॅमचा. माझ्या हातात कागद बघून थांबली.

"बाबा, काय वाचताय? मी वाचून दाखवू का?"

"नको. झालं वाचून."

"डोळ्यात ड्रॉप्स टाकली का?"

"टाकले," मी म्हणालो आणि कागद घडी करून खिशात घातले. तिला फक्त 'वाच' म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. तो तोंडातून निघाला नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळे झालं.

बोलायच्या दिवशी मी भारतीय दुकानातून आणलेल्या सुक्या मिरच्या पिशवीत घालून नेल्या. ब्याडगी, सुरकुतलेली, रंगानं गडद. चिमूटभर लवंगी, जहाल. बाईंच्या टेबलाजवळ उभा राहिलो. पहिली दोन वाक्यं खाली बघून बोललो. मग मी मिरची वर धरली आणि गाडी सुटली.

मी म्हणालो, तुमच्या या देशात हिवाळ्यात ताजं काही नसायचं. शरदात जनावरं मारायची, मांस मिठात घालायचं आणि मार्चपर्यंत तेच खायचं. जीभ लाकडासारखी व्हायची. ज्याच्याकडे थोडे पैसे आले, शहरात घर आलं, अंगावर बरे कपडे आले, त्याला जेवणातही काहीतरी दाखवण्यासारखं हवं होतं. तुमच्या थोरल्या मुलाकडे जमीन होती, धाकट्याकडे फक्त भूक. तो जहाजावर चढला आणि निघाला या मिरचीच्या वासावर. मग मी आईचं सांगितलं, ती मिरच्या उन्हात पसरायची, कांडायला बसली की अख्खी आळी शिंकायची. मिरच्या हातोहात फिरवल्या. एका आयरिश आजीबाईंना चार शिंका आल्या आणि सगळे हसले. माणसं माझ्याकडे बघत होती, घड्याळाकडे नाही. मी विचार केला, जानेवारी हातात आला.

बाई मात्र हसत नव्हत्या. खिडकीच्या बाजूला साहेबांनी मान खाली घातली होती.

"फार छान बोललात," बाई म्हणाल्या, आणि पुढचे शब्द त्यांनी जपून निवडले. "पण एक गोष्ट. त्यांना हवी होती ती काळी मिरी. या मिरच्या तेव्हा भारतात नव्हत्याच. त्या अमेरिकेतल्या. जहाजं गेल्यानंतर त्या पोर्तुगीजांबरोबर तुमच्याकडे आल्या."

"नाही मॅडम," मी म्हणालो.

"नाही?"

"तुमच्या पुस्तकात चुकलंय. मिरचीशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. ती बाहेरून कशी येईल? माझी आजी खायची, तिची आजी खायची."

"आजीची आजी म्हणजे दीडशे-दोनशे वर्षं. ही गोष्ट त्याच्याही खूप आधीची आहे."

"आमचे देव खातात, आमचे पूर्वज खातात. तुम्ही लोक आलात त्याच्या आधीपासून." माझा आवाज चढला होता. भट्टीवरचा आवाज. समोरच्या रांगेतली बाई खुर्ची थोडी मागे घेऊन बसली. शिकवणाऱ्या बाई लाल झाल्या, पण मागे हटल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे सगळं मसाल्यांच्या धड्याच्या कागदांत लिहिलंय, पहिल्याच पानावर. तुम्ही वाचलंत ना ते?

वाचलं म्हणालो तर मूर्ख, नाही म्हणालो तर फॉर्म उघडा. पिशवी हातात धरून उभा राहिलो.

तेव्हा साहेब बोलले. बसल्या जागेवरून, मराठीत, खालच्या आवाजात.

"अहो, एक विचारतो. तुमच्याकडे श्राद्धाला मिरची घालतात का?"

इंग्रजीत विचारलं असतं तर मी त्यांना उडवून लावलं असतं. मराठीत विचारलं म्हणून ते आत गेलं. आमच्या घरी आजोबांचं श्राद्ध असायचं. त्या दिवशी आई मिरचीचा डबा फळीवरून खालीच घ्यायची नाही. भाजीला, आमटीला मिरे ठेचून घालायची. मला ते जेवण मिळमिळीत वाटायचं, मी कुरकुर केली तर म्हणायची, "जुन्या माणसांना मिरची ओळखीची नाही. त्यांच्या ओळखीचं असेल तेच वाढायचं." पुढे बर्मिंगहॅमला माझ्या वडिलांच्या दिवशी बायकोही तसंच करायची. वर्षानुवर्षं ते पान मी माझ्या हातानं वाढलं होतं, आणि ओळखीची का नाही हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

साहेबांनी काय विचारलं ते कुणालाच कळलं नव्हतं. मी "हो, घालतात" म्हटलं असतं तर ते काय आमच्या घरी बघायला येणार होते? एवढं बोललो असतो तर निदान वाद बरोबरीत सुटला असता. फॉर्मवर खोटं लिहून बसलोच होतो. पण आईच्या ताटाबद्दल खोटं बोलायला जीभ वळेना.

"नाही," मी म्हणालो. मग बाईंकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं." का बरोबर तेही सांगितलं, दोन-तीन वाक्यांत, आणि खाली बसलो. बाई फळ्यावर काहीतरी लिहायला गेल्या आणि लिहिलं नाही. आयरिश आजीबाईंनी मिरच्या माझ्या पुढ्यात आणून ठेवल्या.

वर्ग सुटल्यावर बाईंनी थांबवलं. साहेबही दाराशी रेंगाळले.

"तुमची दोन पानं?"

"नाहीत."

"आजच द्यायची होती. बोलणं चुकलं तरी चालतं, त्यासाठीच तर वर्ग आहे. पण पानं नसतील तर मी पुढच्या टर्मला नाव पाठवू शकत नाही."

मी खुर्चीची पाठ धरली. "मॅडम, मला इंग्रजी वाचता येत नाही. लिहिताही येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलोय. तो फॉर्म मी यांचा बघून भरला."

इतक्या वर्षांत हे मी कुणासमोर म्हटलं नव्हतं. बाई टेबलाच्या कडेला टेकल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी जे विचारलं ते ओरडण्यापेक्षा जड होतं. "मग तुम्ही माझी वाक्यंच्या वाक्यं कशी म्हणून दाखवायचात?"

"ऐकून."

त्या म्हणाल्या, फॉर्म खोटा आहे हे आता मला कळलंय, मी ते ऑफिसला सांगितल्याशिवाय राहू शकत नाही. ठरवतील ते ठरवतील. पण पानं असतील तर मला तुमच्या बाजूनं बोलायला काहीतरी हातात राहील. एक आठवडा देते. तुम्ही सांगा, मी लिहून घेते, असंही करू.

"नको. मराठीत लिहिली तर?"

"मला कसं कळणार त्यात काय आहे?"

"मी आहे ना," साहेब दारातून म्हणाले.

मला ते नको होतं. पण दुसरं कुणी नव्हतं.

तो आठवडा मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी काढला. मुलगी कामावर गेली की बसायचो, ती यायच्या आत कागद आवरायचो. अक्षर मोठं आलं, ओळी खाली उतरत गेल्या, बोटं दुखली. लिहिलं ते असं. आपल्या लोकांनी ही नवी वस्तू पहिल्यांदा बघितली तेव्हा तिला नाव नव्हतं. तिखट लागते, मिरीसारखी, म्हणून मिरची म्हटलं. इंग्रजांनीही तसंच केलं, मिरीचं नाव मिरचीला चिकटवलं. मी चुकलो ती चूक दोन्हीकडच्या लोकांनी माझ्या आधी करून ठेवली होती. आणि पुढे लिहिलं की युरोपातली माणसं निघाली ती काही सगळी शूर नव्हती. कुणाच्या गावात माणूस उरला नव्हता, कुणाच्या वाट्याला जमीन नव्हती, कुणाला शेजाऱ्यापेक्षा मोठं दिसायचं होतं. घरी पोट भरून सुखात असलेला माणूस कुठे जात नाही. मीही गेलो नसतो.

मंगळवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी साहेबांनी खाली त्यांच्या गाडीतच कागद मागून घेतले. खिशातून लाल पेन काढलं.

"हे 'पुर्वी' लिहिलंय तुम्ही. पू दीर्घ पाहिजे."

"असू दे ऱ्हस्व."

"अहो, चुकीचं आहे ते."

"तुम्ही वाचताना लांब करा. पेन आत ठेवा."

त्यांनी पेन खिशात ठेवलं. वर जाऊन बाईंसमोर एक-एक वाक्य आधी मराठीत, मग इंग्रजीत त्यांनी वाचलं. आपलं काही घातलं नाही, माझं काही मुद्दाम गाळलं नाही. मी त्यांच्या इंग्रजीवर कान लावून बसलो होतो, एका ठिकाणी अडवलं सुद्धा. "'शूर नव्हती' नाही, 'सगळी शूर नव्हती'. 'सगळी' राहिलं." त्यांनी सुधारलं. बाईंनी दोन्ही पानं ऑफिसच्या मोठ्या पाकिटात घातली. "काय होईल ते पत्रानं कळवतील," एवढंच म्हणाल्या.

ख्रिसमसची सुट्टी तशीच गेली. टपाल दाराच्या फटीतून पडलं की मी जिन्यावरून खाली यायचो, गुडघे दुखत असले तरी मुलीच्या आधी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कौन्सिलचं पाकीट आलं. मी ते घेऊन मागच्या दारी बाकावर बसलो. एक शब्द मला पक्का ओळखता येत होता. रिग्रेट. इथे आलो तेव्हा नोकऱ्यांच्या नकाराची जी पत्रं यायची त्यात तो असायचाच, पहिल्या ओळीत, बायकोनं बोट ठेवून दाखवला होता. मी पत्राच्या प्रत्येक ओळीवर तो शोधला. दिसला नाही. पुन्हा शोधला. पण खाली तीन-चार ओळी ठळक छापलेल्या होत्या आणि त्यांत काय होतं ते लागेना. होकार असेल, नकार असेल, फॉर्मबद्दल काही असेल. त्या ओळींवर बोट ठेवून मी थंडीत किती वेळ बसलो कोण जाणे.

साहेबांना फोन करता आला असता. त्यांनी वाचलं असतं. त्यांना सगळं माहीतच होतं, तिथे आणखी काही उघडं पडायचं नव्हतं. मी फोनपर्यंत गेलोही. मग परत फिरलो. वर्गातल्या परक्या बाईंना सांगितलं होतं, पिनरच्या माणसाला सांगितलं होतं, आणि ज्या घरात जेवतो तिथेच तेवढं लपवून ठेवलं होतं.

मुलगी संध्याकाळी आली. कोट काढायच्या आतच मी पत्र तिच्या हातात दिलं.

"मला वाचून दाखव."

"ड्रॉप्समुळे दिसत नाही का?"

"दिसतंय. वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. तुझी आई वाचायची."

ती एक बाही काढलेल्या कोटातच उभी राहिली. मग पत्र उजेडाकडे धरून आधी मनात वाचलं. तिचे डोळे ओळींवरून झरझर जाताना मी बघत होतो.

"सीट आहे," ती म्हणाली. "मंगळवारचा क्लास तुमचा कंटिन्यू. पण एक कंडिशन आहे. नवीन फॉर्म भरायचा, खरा. आणि गुरुवारी सकाळी रीडिंग क्लास, त्याच लायब्ररीत. तो कंपल्सरी. नाही गेलात तर मंगळवार पण बंद."

"रीडिंग क्लास कुणाचा?"

तिनं परत कागदात बघितलं. "बिगिनर्स. म्हणजे अगदी पहिल्यापासून, बाबा. ए-बी-सी." आणि मग हळूच, "तुम्ही जाणार नाही ना? मी त्यांना फोन करून सांगू का काही?"

तिला मी माहीत होतो. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीसाठी असतं तर मी ते पत्र चार तुकडे करून कचऱ्यात टाकलं असतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोवळ्या मास्तरापुढे अक्षरं गिरवायची.

"फोन नको करू," मी म्हणालो. "किती वाजता?"

"साडेनऊ."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि पत्रासोबत आलेला नवा फॉर्म टेबलावर ठेवायला सांगितला. शिक्षणाचा रकाना कुठला ते तिनं बोटानं दाखवलं. पेन तिच्या हातात होतं, ते मी मागून घेतलं.